आमची वाटचाल : शेजवान चटणी आणि ‘अस्सल’ असण्याचा वाद

चायनीजची गाडी लावणाऱ्याला किंवा हॉटेल चालवणाऱ्याला शेजवान चटणी म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. ती चटणी आम्ही २००१ पासून भोसरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात बनवतो आणि ज्या प्रांताच्या नावावरून ‘शेजवान’ हा शब्द आला त्या चीनच्या सिचुआन प्रांतातल्या कोणत्याही घरात ती अशी बनत नाही, हे आम्ही गिऱ्हाइकांपासून कधीही लपवले नाही. तरीही ‘नकली माल विकणारे’ असा शिक्का आमच्यावर मारला गेला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आमचे पहिले भागीदार कोलकात्याच्या तांग्रा भागात वाढलेले हक्का, म्हणजे दक्षिण चीनमधल्या एका समाजातले, चिनी गृहस्थ होते. त्यांना आम्ही सगळे अंकल म्हणत असू. त्यांच्या घराण्याचा धंदा कातडी कमावण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तिथल्या टॅनऱ्या हलवण्याचा आदेश दिला. त्यानंतर अनेक कुटुंबांनी हॉटेले थाटली, अनेकजण परदेशी गेले आणि अंकल पुण्यात आले. येताना त्यांनी वडिलांची लोखंडी कढई आणली होती : दोन कानांची, खोल, तेल पिऊन आतून काळीभोर आणि गुळगुळीत झालेली. तिला साबण लावायचा नाही, गरम असतानाच पाणी घालून बांबूच्या कुंच्याने घासायची, भट्टीवर कोरडी करायची आणि तेलाचा हात फिरवून ठेवायची, हा त्यांचा नेम होता. नव्याने धंद्यात येणाऱ्यांनी नॉनस्टिकच्या मोहात पडू नये, कारण भट्टीच्या आचेपुढे तो लेप टिकत नाही आणि आच कमी केली तर नूडल्स परतल्या न जाता त्यांचा लगदा होतो.

अंकलच्या घरचे जेवण आणि त्यांच्याच हातचे हॉटेलातले जेवण यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. घरी प्रत्येकाच्या वाडग्यात साधा पांढरा भात आणि मधोमध सर्वांनी मिळून खाण्याचे दोन-तीन पदार्थ असत. कधी खारवून सुकवलेल्या मोहरीच्या पाल्याबरोबर वाफवलेले डुकराचे मांस, कधी सारण भरलेला टोफू. फ्राइड राइस म्हणजे त्यांच्याकडे उरलेल्या भाताची सोय. आपल्याकडे मात्र तेच मुख्य जेवण ठरले आणि त्यावर दाट ग्रेव्हीही आली. मंचुरियन त्यांच्या घरी कधीच होत नसे. तो मुंबईचा पदार्थ आहे. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो प्रथम केला, असे सांगितले जाते : आले, लसूण आणि हिरवी मिरची आपल्यासारखीच परतली, पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरने रस दाट केला. अंकलना या पदार्थाचा अभिमान होता. अमेरिकेतल्या जनरल त्सो चिकनचे मूळही असेच आहे. हुनान प्रांतातून तैवानला गेलेल्या पेंग चांग-कुई यांचा तो पदार्थ न्यूयॉर्कला पोहोचल्यावर गोड झाला. चिनी आचारी जिथे गेला तिथल्या जिभेला मान देत आला, आणि यात फसवणूक कसली, हे आम्हाला आजही कळत नाही.

आमच्या चटणीत रंगासाठी बेडगी आणि तिखटपणासाठी लवंगी मिरची असते. लसूण वाटायचा नाही, बारीक चिरायचा. तेलातला फेस बसू लागला आणि लसूण गव्हाळ दिसला की त्याच क्षणी भिजवलेल्या मिरचीचे वाटण पडले पाहिजे, कारण तो तांबूस होईपर्यंत थांबले तर सगळी कढई कडवट होते. सिचुआनी स्वयंपाकाचा कणा वेगळा आहे : मिरची आणि बाकल्याचे दाणे आंबवून, रांजणांत मुरवलेले दोबानजियांग, आणि जीभ बधिर करणारी सिचुआन मिरी. आमच्या चटणीत ही दोन्ही नाहीत.

पुढची बारा-तेरा वर्षे धंदा सुरळीत चालला. २०१४ मध्ये याच व्यवसायात उतरलेल्या एका नव्या कंपनीने ‘अस्सल चिनी’ म्हणून सॉस आणले आणि तिची माणसे हॉटेलांच्या खरेदी विभागांत जाऊन आमचा माल नकली आहे, त्यात कृत्रिम रंग आहे, असे सांगू लागली. वर्षानुवर्षांची हॉटेले एकेक करून तुटली, भरलेले डबे परत आले, बँकेचे हप्ते थकले आणि निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागले. अंकलनी त्या काळात आपल्या वाट्याचा एक रुपयाही उचलला नाही. आम्ही पदरमोड करून प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली. कृत्रिम रंग आढळला नाही. तो अहवाल घेऊन आम्ही हॉटेलोहॉटेली फिरलो, पण बहुतेकांनी तो उघडूनही पाहिला नाही. त्या कंपनीच्या बाटलीवरचे घटक आम्ही वाचले, तर त्यांत ना बाकला होता, ना सिचुआन मिरी. मिरची, लसूण, व्हिनेगर आणि साखर, म्हणजे आमचेच सामान! एका शब्दाने कोणी दिलगिरी व्यक्त केली नाही, आणि ती सल अजून गेलेली नाही. आम्हाला तारले ते गाडीवाल्यांनी. ते बोटावर चटणी घेऊन चाखत आणि रोख पैसे मोजत. मोठ्या हॉटेलांना महिन्यापलीकडे उधारी देऊ नये, हे या निमित्ताने नव्या उत्पादकांना सांगावेसे वाटते. आणि गाडीवाल्यांनी शिजवलेला भात उघड्यावर दिवसभर ठेवू नये, तो लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवावा, नाहीतर गिऱ्हाइकाला उलट्या होतील आणि बोल मात्र चटणीला लागेल.

अंकल आता लेकीकडे टोरोंटोला असतात. तांग्र्याहून गेलेल्या हक्का कुटुंबांची तिथे बरीच हॉटेले आहेत आणि त्यांत चिली चिकन व मंचुरियनच खपते, हे ते फोनवर मोठ्या समाधानाने सांगतात. जाण्यापूर्वी त्यांनी आमच्याबरोबर एक नवे तेल बसवले. कोकणात बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ हे सिचुआन मिरीच्याच कुळातले. त्याची टरफले मंद आचेवर तेलात उतरवली की जिभेला तशीच झिणझिणी येते, फक्त वास अधिक उग्र असतो. त्या बाटलीवर आम्ही ‘तिरफळाचे तेल’ एवढेच छापतो. ‘सिचुआन’ लिहिले तर दर जास्त मिळेल, असे काही हॉटेलवाले सुचवतात, पण ते आम्ही लिहिणार नाही.