निळे तांदूळ

दुपारी अडीचच्या सुमाराला मी चष्मा शोधत हॉलमध्ये आले आणि तळपायाला काहीतरी टोचलं. वाकून बघते तर तांदळाचा दाणा. निळा. पुढे आणखी दोन, मग एक हिरवा, आणि सोफ्याखाली तर सगळी वस्तीच पसरलेली.

"अगं सायली, हे काय?"

"अहो आई, सेन्सरी बिन आहे. बबडीसाठी केलं."

बिन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कचऱ्याचा डबा आला. प्रत्यक्षात तो आमचा दिवाळीच्या चिवड्याचा पसरट डबा होता. त्यात निळे, हिरवे, पिवळे तांदूळ, वर दोन चमचे, एक गाळणी आणि एक प्लास्टिकचा हत्ती. कृती सोपी आहे म्हणे. पिशवीत वाटीभर तांदूळ घ्यायचे, चमचाभर व्हिनेगर, खायच्या रंगाचे चार थेंब, तोंड बंद करून पिशवी खळखळ हलवायची आणि तांदूळ वर्तमानपत्रावर वाळवायचे. व्हिनेगरमुळे रंग पक्का बसतो, हाताला लागत नाही. वाटीभर म्हणजे प्रत्येक रंगाची वाटीभर. एकूण तीन वाट्या कोलम. मी विचारलं नव्हतं, पण आमच्या तांदळाच्या डब्याची पातळी मला तोंडपाठ असते.

सांडलेला दाणा हा माझा जुना विषय आहे. ओट्यावर, फरशीवर, पिशवीच्या शिवणीत अडकलेला, कुठलाही दाणा मला दिसला की तो उचलल्याशिवाय पुढचं काम सुचत नाही. नवरा म्हणायचा, तू मागच्या जन्मी चिमणी असणार. तांदळाला पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा हेही अंगात इतकं मुरलंय की हात आपोआप जातो. पण निळ्या तांदळाला पाय लागला तर? मी दोन क्षण थबकले. मग केला नमस्कार. न जाणो.

तसे रंगवलेले तांदूळ आपल्याला नवे कुठे आहेत? अक्षतांना आपण कुंकू लावतोच. लग्नात मुठी मुठी उधळतो, अर्ध्या तर पुढच्या खुर्चीवरच्या काकूंच्या अंबाड्यात जातात, आणि 'शुभमंगल सावधान' संपलं की त्याच अक्षता तुडवत सगळे जेवायच्या रांगेत. तेव्हा कुणी पातळी मोजत नाही. हे मला सुचलं, पण सायलीला बोलून दाखवलं नाही. सुनेच्या बाजूचे मुद्दे तिचे तिने काढावेत.

बबडी पावणेदोन वर्षांची. तिने डब्याकडे पाहिलं, एक मूठ उचलली, सोडली. दुसरी उचलली, तोंडाकडे नेली, सायली "नो नो नो" करत धावली. मग तिने हत्तीला बाहेर फेकलं आणि पुढची वीस मिनिटं डब्याच्या झाकणाशी खेळली. झाकण उलटं ठेवायचं, सुलटं ठेवायचं, त्यावर बसायचं. शेवटी तांदळाची आठवण झाली तेव्हा तिने ते माझ्या घरातल्या चपलांमध्ये नीट भरले, आधी डावी, मग उजवी, आणि मला म्हणाली, "घाल."

मी घातल्या. काय सांगू, बरं वाटलं. गारेगार, खडबडीत, आणि पाय दाबला की बाजूने सर्रकन सरकणारे. आणि मला एकदम आजीची कणगी आठवली.

आमचं आजोळ भोरकडचं, भाताच्या भागातलं. माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बांबूची, शेणमातीने लिंपलेली कणगी होती, भात तिच्यात. सडून आणलेले तांदूळ मात्र पत्र्याच्या उंच डब्यात. मे महिन्यात बाहेर कौलं तापलेली, अंगाची लाही, मोठी माणसं आडवी झालेली, आणि मी त्या डब्याचं झाकण आवाज न करता काढून हात आत घालायची. आधी बोटं, मग मनगट, मग कोपर. वरचे तांदूळ नुसते गार, पण आत जावं तसे आणखी गार, थेट विहिरीसारखे. आंबेमोहराचा वास नाकात आणि हाताभोवती सगळीकडून सारखा, हलका दाब. कुणीतरी हात हातात धरून ठेवल्यासारखा. मी तशीच डब्याला गाल लावून उभी राहायची. विचार वगैरे काही नाही. नुसती उभी.

आजीने पकडलं की पाठीत धपाटा. "घामेजल्या हातांनी पोरकिडे होतात तांदळाला!" मला हे कारण पटलेलंही होतं. एका सुट्टीत हात जरा जास्तच खोल गेला आणि बोटांना कापड लागलं. ओढून काढलं तर पुरचुंडी, आत दहा-दहाच्या नोटांची घडी. मी ती होती तिथे परत रोवली आणि झाकण लावलं. त्यानंतर पोरकिड्यांवरचा माझा विश्वास उडाला, आणि आजीबद्दलचा आदर दुप्पट झाला.

सायलीच्या मोबाइलवर अशा खेळांची लांबलचक यादी आहे. कुठल्या महिन्याला काय द्यायचं ते ठरलेलं. कॉर्नफ्लोअरच्या दोन वाट्यांना पाणी एक वाटी, की असा गोळा होतो जो ठोसा मारला तर दगड आणि हलकं बोट लावलं तर रबडी. ते मात्र मला फार आवडलं. बबडी झोपल्यावर मी अर्धा तास ठोसे मारत बसले होते. भेंडीचे आडवे काप रंगात बुडवून ठसे. पाण्यात फुगवलेला सब्जा, बेडकाच्या अंड्यांसारखा बुळबुळीत. आणि कणकेचा रंगीत गोळा, त्यात निम्म्याने मीठ. मीठ टिकण्यासाठी, आणि मूल खाणार नाही म्हणूनही. बबडीने चाखला, तोंड वाकडं केलं आणि जपून माझ्या पदराला पुसला. पुढचा घास जाऊ नये म्हणून सायली तिथेच बसून होती. एवढं मीठ लहान मुलाच्या पोटात गेलं तर गंमत नाही, हे तिला मी सांगायची गरज पडली नाही.

आमच्याकडे कणकेचा गोळा मागितल्याशिवाय पोळ्या व्हायच्याच नाहीत. त्याची चिमणी करायची, मोहरीचे दोन डोळे, आणि मग ती तव्याच्या कडेला भाजून द्यायचा हट्ट. तोवर ती हातांत मळून मळून काळी कुळकुळीत झालेली असे. भाजलेली चिमणी बाबांच्या ताटात जायची आणि ते "वा! आज चोच कुरकुरीत झालीय" म्हणत खायचे. पोटात काय काय गेलं असेल त्या माणसाच्या!

माझा मुलगा लहान असताना दुबईच्या काकांनी त्याला प्ले-डोचे, म्हणजे खेळायच्या मऊ रंगीत गोळ्याचे, चार डबे आणले होते. तो नाकाला लावून बसायचा. कितीतरी वर्षांनी मी कुठेसं वाचलं की हा पदार्थ मुळात खेळणं नव्हताच. अमेरिकेत सिनसिनाटीला भिंतीच्या कागदावरची कोळशाची काजळी टिपून घ्यायला तो गोळा बनायचा. घराघरांतले कोळसे गेले, गॅस आला, काजळी संपली, गोळ्याला गिऱ्हाईक उरेना. तेव्हा एका बालवाडीच्या बाईंनी तो आपल्या मुलांना खेळायला दिला, आणि १९५६पासून तो खेळणं म्हणून विकायला लागले. म्हणजे काय, तर मुख्यतः गव्हाचं पीठ, पाणी आणि मीठ. बाईंच्या डोक्यातून निघालेलं.

बालवाडीच्या बाया असतातच अशा. माझी आत्या त्यांतलीच. ती कोसबाडला प्रशिक्षण घेऊन आली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला सुरू केलेलं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं. तिथे माँटेसोरीची रंधा मारलेली लाकडी साधनं आणणार कोण आणि परवडणार कुणाला? शिंपले, खडे, बिया, पानं, जे पायाखाली असेल ते साधन. आत्याने तिथून हीच खोड घरी आणली. रस्त्याने चालताना ती सारखी वाकायची. तिच्या पर्समध्ये पैसे कमी आणि चिंचोके जास्त.

तिची एक खाकी पिशवी होती, तोंडाला नाडी. डोळे मिटून हात घालायचा आणि हाताला लागेल त्याचं नाव सांगायचं. सागरगोटा गुळगुळीत, गार आणि वजनदार. रिठा हलका, आत बी वाजणारी. सावरीचा कापूस लागलाय की नाही हेच कळायचं नाही इतका मऊ. पॉलिश पेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेला 'ग', त्याच्यावरून बोट फिरवलं की अंगावर काटा यायचा. मला अजूनही 'ग' लिहिताना बोटाच्या टोकाला खरखर जाणवते. खोटं वाटेल, पण जाणवते. गुंजा मात्र तिने एक दिवस सगळ्या काढून टाकल्या, त्या विषारी असतात म्हणून. आम्ही फार हळहळलो. लालभडक, काळ्या टोकाच्या, सगळ्यांत देखण्या त्याच होत्या.

माझ्या धाकट्या भावाला त्या पिशवीतून हाताला लागलेली प्रत्येक वस्तू नाकात घालून बघायची असे. एकदा हरभरा गेला. आजोबांची तपकीर त्याच्या नाकाशी धरली गेली, एकच शिंक, आणि हरभरा समोरच्या भिंतीवर. आज असं कुणी करू नये, सरळ डॉक्टरकडे न्यावं. पण त्या दिवशी घरात जो जल्लोष झाला तो भाऊ दहावी पास झाला तेव्हाही झाला नाही.

आईला या कशासाठीच वेळ नव्हता. सात माणसांचा स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं. आम्हाला मन लावून खेळवणं वगैरे तिच्या दिवसात बसतच नव्हतं. पण सुट्टीत दुपारी ती आम्हा तिघांसमोर पितळी ताटं ठेवायची. ताटात तांदूळ, आणि तांदळात मूग. "मेला वाणी! परत मिसळून दिलं बघा. निवडून द्या रे जरा." आम्ही वाण्याला शिव्या घालत निवडायला बसायचो. हिरवे इकडे, पांढरे तिकडे. बोटांना हळूहळू लय सापडायची, भांडणं थांबायची, एकेक जण गप्प होत जायचा. तासभर घरात फक्त ताटावरून दाणे सरकल्याचा आवाज. आई तेवढ्या वेळात पाठ टेकायची.

एका दुपारी मी पाणी प्यायला उठले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून मला दिसलं. आई ताटातल्या तांदळात वाटीतले मूग ओतत होती. ओतून तिने हाताने नीट कालवलं. एकदा वरखाली केलं. मग अजून चिमूटभर टाकले.

मी पाणी न पिता परत येऊन बसले. भावंडांना सांगितलं नाही. तिलाही नाही. वाण्याला शिव्या मात्र त्या दिवशी सगळ्यांत जास्त मीच घातल्या.

बबडी आता सोफ्यावर झोपलीये, मूठ मिटलेली, मुठीत दाणे असणार. सायली मीटिंगमध्ये आहे. मी फरशीवर बसून निळे, हिरवे, पिवळे वेगळे करतेय. कुणी सांगितलेलं नाही, उद्या पुन्हा एक होणारच आहेत.

शेवटच्या वर्षात आईला माणसं ओळखू येत नव्हती. बोटं मात्र थांबायची नाहीत. गोधडीचे टाके उसवायची, हवेतून काहीतरी टिपायची, बाजूला ठेवायची. रात्री-अपरात्री, तासन्‌तास. चादरी बदलून झाल्या, हात धरून बसणं झालं. एका दुपारी मी आत गेले, ताट काढलं, वाटीभर तांदूळ आणि वाटीभर मूग घेतले, हाताने नीट कालवले आणि तिच्या मांडीवर ठेवले.

ती बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. मग एक हिरवा दाणा उचलून कडेला सरकवला. मग दुसरा. त्या दिवशी तिने गोधडीला हात लावला नाही. तासाभराने तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जन्मभर मला 'अगं कार्टे' म्हणणारी बाई फार आदराने म्हणाली,

"तुमचा वाणी फसवतो हो तुम्हाला. बदला तो."

मी म्हटलं, "हो, बदलते."