स्वतःचे घर असताना भाड्याने का? तुम्ही विचारलेत म्हणून

बेळगावच्या शहापुरात आजोबांनी बांधलेले घर उभे असताना मी त्याच शहरातल्या भाग्यनगरात भाड्याने का राहतो, हे तुम्ही लग्नात विचारलेत, बाजारात विचारलेत, केस कापायला बसलो तिथेही विचारलेत: “काय ओ, स्वतःचं घर असून भाडं कशाला भरतासा?” मी आजवर “आईसाठी” एवढेच सांगत आलो. ते खोटे नाही, पण पुरतेही नाही.

भाडे १४,००० रुपये, अनामत एक लाख, लिफ्ट आणि पंपाचे १,२०० वेगळे. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेकराराची नोंदणी सक्तीची असल्याने करार ११ महिन्यांचा, आणि दर ११ महिन्यांनी पाच टक्के वाढ. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतून २०० युनिटांपर्यंतची वीज भाडेकरूलाही फुकट मिळते, हे मी वादात हमखास ऐकवतो, जणू तेवढ्याने भाडे फिटते.

आमचे घर शहापूर सांगली संस्थानात होते त्या काळातले. सोप्यात आजोबांचा खड्डामाग होता. माग गेल्यावर वडिलांनी खड्डा बुजवून वर शहाबादी फरशी घातली, पण भराव खचत गेला आणि तेवढी जागा दोन बोटे खाली बसली. घरातले सगळे तिथे पाऊल जपून टाकत असत. २०१९च्या ऑगस्टात शहरात पाणी शिरले त्या आठवड्यात, एका रात्री वीज गेलेली असताना, चौऱ्याहत्तर वर्षांची आई गळतीखाली घमेले सरकवायला उठली. त्या खळग्यात पाणी साचले होते. आधी घमेल्याचा आवाज आला आणि मग कसलाच आला नाही. खुबा मोडला होता. गल्लीत गुडघाभर पाणी असल्याने रुग्णवाहिका तोंडाशीच थांबली, म्हणून मी आणि धाकट्या भावाने तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून नेले. कळ सोसत ती वाटभर एकच विचारत होती, “दाराला कडी घातली काय रे?”

डॉक्टरांनी पायऱ्या चढायच्या नाहीत आणि उकिडवे बसायचे नाही असे बजावले. आमचा संडास परसात, चार पायऱ्या उतरून. मी दवाखान्यातूनच घर शोधायला लागलो. तीन खोल्यांचा फ्लॅट पाहिजे म्हटले की माणसे किती, हा पहिला प्रश्न. पाचातली एक वॉकरवर आहे हे कळताच एका मालकांनी “आजारी माणूस नको” असे तोंडावर सांगितले. अखेर लिफ्टचा हा फ्लॅट मिळाला. या सगळ्यात मी आईला एका शब्दाने विचारले नाही.

भावाचे म्हणणे आजही तेच आहे: “दादा, फरशी उपसून आत कमोड बसवला असता, तरी तुझ्या अनामतीतच भागले असते.” मी त्याला अरुंद गल्लीचे, भिंतींच्या ओलीचे कारण देतो, आणि ही कारणे खरीच आहेत. पण ती फरशी उपसायची म्हणून दहा वर्षे प्रत्येक दिवाळीला “पुढच्या साली बघू” म्हणणारा मीच होतो, आणि भाड्याचे घर म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवरचे अंथरूण, असे चारचौघांत ऐकवणाराही मीच. त्या माणसाला आज काय उत्तर द्यावे ते मला सुचत नाही. मुलीला अभ्यासाला स्वतंत्र खोली मिळाली, रात्री पाऊस आला तरी मला झोप लागते, हे मला आवडते. तेही आईच्या नावावर खपवायचे का?

भावाने २०२२ मध्ये सोपा उकरून नवी फरशी घातली, न्हाणीशेजारी कमोडही बसवला. खर्च खरोखरच लाखाच्या आत आला. मी तिथे सणाला जातो आणि तेवढी जागा अजूनही वळसा घालून ओलांडतो. आई दर करारापूर्वी म्हणते, “या खेपेला सही नको करूस.”

पुढच्या महिन्यात मुदत संपते. स्टॅम्पपेपर आणून कपाटात ठेवला आहे. तिला अजून सांगितलेले नाही.