थर्मामीटर बरोबर होता, टांगला वर होता

कोंबडीच्या पिल्लांच्या मरतुकीसाठी मला बोलावणं येतं तेव्हा घरच्यांनी रोग बहुधा आधीच ठरवलेला असतो. या कुटुंबानंही ठरवला होता. हौसेनं आणलेली २५ पिल्लं, वय पाच दिवस, त्यातली ६ एका रात्रीत गेलेली. "डॉक्टर, राणीखेत असणार. अँटिबायोटिक सुरू करू का?" मी म्हटलं, काही देऊ नका आणि मी येईपर्यंत उबेचा दिवासुद्धा जागचा हलवू नका. राणीखेत विषाणूचा आजार आहे, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. पण मला तो राणीखेत वाटतही नव्हता.

मेलेली पिल्लं उघडून पाहिली. गळ्याची थैली खाद्यानं भरलेली, बलकाची पिशवी जवळपास शोषली गेलेली, बेंबी सुकलेली, आतडी स्वच्छ. अंग मात्र चपटं आणि ओलसर. भरल्या पोटाची, बाकी निरोगी पिल्लं अशी चपटी होऊन मेली असली, की ती एकमेकांखाली दबून गुदमरलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याची जागा, इथे एक चौकोनी लाकडी पेटी होती, वर दिवा. थर्मामीटर ३३ अंश दाखवत होता. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश लागतात, म्हणजे आकडा अगदी योग्य. वडिलांनी तो दर दोन तासांनी वहीत लिहून ठेवला होता, रात्रीही उठून. इतकी काळजी घेऊनही पिल्लं गेली, याचं त्यांना फार लागलं होतं.

मी कशालाही हात न लावता नुसता बसून राहिलो. या कामात मला याहून मोठी तपासणी माहीत नाही. ऊब बरोबर असली की पिल्लं सगळीकडे पांगतात. काही खातात, काही पाय ताणून झोपतात, किलबिल हळू असते. थंडी वाजली की ती दिव्याखाली दाटी करतात. उकडलं की कडेला जाऊन चोच उघडून, पंख सैल सोडून धापा टाकतात. इथे यातलं काहीच नव्हतं. सगळी पेटीच्या एकाच कोपऱ्यात, दिव्यापासून दूर, आणि आवाज तीव्र, सतत. असं दिसलं की वाऱ्याचा झोत शोधायचा.

घरातली धाकटी मुलगी तेवढ्यात म्हणाली, "रात्री पण ती तिथेच एकमेकांवर चढतात." तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पेटीच्या तळाशी हात नेला तर गार झुळूक लागली. समोरच्या दाराखालची फट आणि पेटीच्या फळ्यांमधली फट एका रेषेत होती. थर्मामीटर टांगलेला होता वर, दिव्याच्या जवळ. तो भुशावर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवला, तर काही वेळात २७ वर आला.

दाराची फट बंद केली. पेटीऐवजी पुठ्ठ्याच्या पट्टीचं गोल कडं केलं, म्हणजे दाटी व्हायला कोपराच उरला नाही. दिवा साखळीनं पक्का बांधून थोडा खाली घेतला. नुसत्या वायरवर लटकणारा दिवा भुशात पडून आग लागते. भुशावर वर्तमानपत्र अंथरलं होतं तेही काढलं, कारण गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. दोन पिल्लांच्या मागे विष्ठा वाळून चिकटली होती, ती कोमट पाण्याच्या फडक्यानं सोडवली. तासाभरात पिल्लं पांगली. पुढच्या रात्री एकही गेलं नाही.

खरी लांबलेली चर्चा त्यानंतरची. आईनं पुढचा आराखडा दाखवला: सुबक खुराडं, पण मोजलेलं आजच्या पिल्लांच्या आकारावर. वाढलेल्या कोंबडीला आत निदान दोन चौरस फूट लागतात, हौसेचं पालन असेल तर मी चार म्हणेन, आणि बाहेर फिरायला जागा वेगळी. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक खोकं. रोजचं खाद्य कोंबडीमागे ११० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १९ पक्ष्यांना रोज दोन किलोहून जास्त, आणि पहिलं अंडं साधारण पाचव्या महिन्यात. लेयर खाद्याचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्याचं, एकच पोतं सगळ्यांना पुरेल, असं त्यांना वाटत होतं. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. वाढत्या पिल्लांची मूत्रपिंडं त्यानं खराब होतात. मी ते पोतं बाजूला ठेवायला लावलं.

वडिलांना गेलेल्या पिल्लांच्या जागी लगेच नवी आणायची होती. मी नको म्हटलं. वेगळ्या वयाचे पक्षी एकत्र आले की मोठ्यांच्या विष्ठेतून लहानांना रक्ती हगवण लागते, आणि तिचा धोका तिसऱ्या आठवड्यापासून तसाही असतो. आधी भुसा कोरडा राखा, दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत ही पिल्लं दिव्याबाहेर काढा.

मग मी विचारलं, यात नर किती? पिल्लं लिंग न तपासता घेतलेली, म्हणजे जवळपास निम्मे नर निघणार. आठ-दहा कोंबड्यांत एक पुरतो आणि नुसत्या अंड्यांसाठी तोही लागत नाही. उरलेल्यांचं काय, यावर घरात दोन मतं पडली. मुलीला एकही द्यायचा नाही. मी घरच्यांच्या मागे लागलो आहे, कारण तुरे लाल होऊन नर आपसात भांडू लागण्याआधी हे ठरलं पाहिजे.