आधी गळा, मग टाळ्या

स्मरणिकेच्या संपादकांनी निरोप धाडला: "आठवणी भरपूर आल्यात, तुम्ही कामाबद्दल लिहा." सोपं झालं. मेलबर्नमध्ये मी ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीत-नाटकाच्या, गायकांना तालमीत पियानोची साथ करतो. शाळेच्या प्रार्थनेला पेटी वाजवायचो, त्याचाच हा पुढचा इयत्ता-बदल.

ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासी गायकांचा विषय निघाला की हॅरल्ड ब्लेअरपासूनच (१९२४–१९७६) सुरुवात करावी लागते. जन्म क्वीन्सलँडमधल्या शेरबर्गच्या, मूलनिवासींना सरकारने ठेवलेल्या वसाहतीत, पोटासाठी उसाच्या मळ्यात मजुरी. १९४५ साली रेडिओवरच्या हौशी गायकांच्या स्पर्धेत त्याच्या नावावर मतांचा पाऊस पडला. मग मेलबर्नच्या मेल्बा कॉन्झर्व्हेटोरियम या संगीत विद्यालयात प्रवेश, १९४९ मध्ये पदविका, १९५० मध्ये न्यूयॉर्क, १९५१ मध्ये तिथल्या टाउन हॉल या सभागृहात मैफल. त्याच वर्षी मायदेशी परतला आणि दौरा सुरू झाला. तो इतका दमवणारा होता की आवाज बसला तो पुरता सुटलाच नाही. मजुरापासून टाउन हॉलपर्यंत सहा वर्षं! गळा एवढ्या घाईत पिकत नाही.

का, ते सांगतो. आपल्याकडे गायक आपली पट्टी निवडतो. ऑपेरात पट्टी संगीतकाराने कागदावर बांधून दिलेली असते, आणि माइक नसतो. वाद्यवृंदाचा मुख्य जोर ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास असतो. कसलेल्या आवाजाची धार ३००० हर्ट्झच्या आसपास येते, म्हणून एकटा गळा साठ वाद्यांवरून पलीकडे जातो. ही धार ओरडून येत नाही. टेनरचा, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा, खरा कस पियानोवरच्या मधल्या सीच्या वरच्या एफ आणि जी या स्वरांच्या दरम्यान लागतो. तिथे छातीचा आवाज तसाच वर रेटला की तेवढ्यापुरता दणदणीत वाटतो, लोक खूश होतात, आणि काही वर्षांत लांब स्वर थरथरायला लागतो. विशीतल्या गायकाला वेर्दी या संगीतकाराच्या जड भूमिका देऊ नयेत, ते याचसाठी. मोझार्ट द्यावा. मोझार्टमध्ये लपायला जागा नसते, हा आणखी एक फायदा.

योर्ता योर्ता या मूलनिवासी समाजाच्या सोप्रानो (उंच स्त्री-आवाजाच्या गायिका) डेबोरा चीथम यांनी २००९ मध्ये 'शॉर्ट ब्लॅक ऑपेरा' ही संस्था काढली, ती मूलनिवासी गायक घडवण्यासाठीच. त्यांचा 'पिकन समर' हा ऑपेरा २०१० मध्ये मूरूप्ना गावात पहिल्यांदा झाला. १९३९ साली मूलनिवासींच्या कमरागंजा वसाहतीतले लोक तिथल्या जाचाला कंटाळून उठून निघून गेले, त्याची ती कथा. भूमिका आधी आणि गायक मागाहून शोधायचे, असं इथे चालत नाही. गायकांची तयारी हाच कामाचा मोठा भाग.

नवी भूमिका बसवायची तर सुरुवातीला पियानो बंदच. आधी प्रत्येक शब्दाचा अर्थ पेन्सिलीने लिहायचा. मग तालात नुसतं बोलायचं. मग शब्द काढून फक्त स्वरवर्णांवर गायचं, आणि शेवटी सगळं एकत्र. पहिल्याच दिवशी गायला लागणारा गायक चुकाच पाठ करतो, आणि त्या पुसायला दुप्पट वेळ जातो. रोज सकाळी दहा मिनिटं ओठांची 'ब्र्र्र' किंवा साध्या स्ट्रॉमधून हुंकार. थेट वरच्या स्वराला हात घालायचा नाही. लांबलेल्या तालमीत पूर्ण आवाज लावायचा नाही, वरचे स्वर एक सप्तक खाली घ्यायचे. नवखे गायक इथे लाजतात, दिग्दर्शकाला आपण आळशी वाटू म्हणून. लाजू नये.

सुरुवातीची वर्षं बहुतेक कोरसमध्ये, म्हणजे समूहगायनात, जातात, जोडीला शिकवण्या. निवड चाचणीला वेगवेगळ्या भाषांतली चार-पाच गाणी तयार ठेवावी लागतात. पहिलं तुम्ही निवडता, दुसरं परीक्षक मागतात; ते हमखास तुमच्या यादीतलं सर्वांत कच्चं असतं.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाला आयती मिळालेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या मरी (Murray) नदीचं योर्ता योर्ता भाषेतलं नाव रोमन लिपीत 'डीएच'ने सुरू होतं. इंग्रजीवर वाढलेले गायक तिथे जीभ हिरडीला लावतात आणि उच्चार घसरतो. ती दातांना टेकायला हवी, आपल्या 'दगड'मधल्या 'द'सारखी. 'दुंगाला'. कोरसच्या तालमीत तेवढ्या एका 'द'साठी मी पियानो थांबवतो.