द्राक्षबागेची नळी आणि चार गोल्डफिश

दर रविवारी मी माशांच्या टँकचा फिल्टर काढून स्पंज नळाखाली अगदी नव्यासारखा होईपर्यंत धुवायचे. मंगळवारी पाणी पुन्हा दुधाळ, आणि मासे वर येऊन तोंडाची उघडमीट करत बसलेले. लेक म्हणायचा, "आई, भूक लागलीये त्यांना." की आम्ही अजून दाणे टाकायचो!

टेस्ट किट आणल्यावर डोळे उघडले. चाचणीचं पाणी पिवळं राहायला हवं, ते हिरवं झालं. माशांना विषारी असणारा अमोनिया २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम. तो माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून, उरलेल्या दाण्यांतून येतो. स्पंजवर वस्ती करणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट. नळाला येणारं पाणी क्लोरीनचं. म्हणजे दर रविवारी मी ती वस्तीच उठवत होते. फिल्टर म्हणजे चहाची गाळणी, एवढीच माझी समज!

टँक ३ बाय १ बाय सव्वा फुटाचा, साधारण १०५ लिटर. कॅनिस्टर फिल्टरचा, म्हणजे टँकबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरचा, भाव ऐकून गप्प बसले. शिवाय वीज गेली की त्या बंद डब्यातल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, आणि पावसाळ्यात आमच्या इंदिरानगरात वीज कधी जाईल सांगता येत नाही. मग ठरलं, टँकच्या वर उघडा डबा ठेवायचा आणि पाणी त्यातून झिरपत खाली येऊ द्यायचं.

दिंडोरीला दिरांची द्राक्षबाग आहे. या डब्याचं चित्र पाहून ते हसलेच. "वहिनी, अहो ही तर ठिबकचीच भानगड!" १६ मिमीची लॅटरल म्हणजे ठिबकची नळी, तिचं टोक बंद करायची एंड कॅप आणि भोकं पाडायचा पंच घेऊन आले. नळीचं तोंड गरम पाण्यात धरून मऊ केलं आणि कूलरच्या १८ वॅटच्या पंपावर दाबून बसवलं. मग पंचने बोटभर अंतरावर भोकं. डब्यात सगळ्यात वर उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस, खाली जाड स्पंज, तळाला किलोभर सिरॅमिक रिंग. १० लिटरची बादली भरायला ७० सेकंद लागले, म्हणजे तासाला टँकच्या जवळपास पाचपट पाणी फिरतं. भरपूर झालं.

जुना फिल्टर पाच आठवडे सोबत चालूच ठेवला, जिवाणू नव्या घरात रुळेपर्यंत. ही अक्कल मात्र वेळेवर सुचली.

दुसऱ्या आठवड्यात कापूस चोंदला आणि डबा भरून वाहू लागला. पहाटे हॉलमध्ये पाऊल टाकलं तर चपचप. पंप तळाशी असता तर सगळा टँक फरशीवर आला असता. नळी आखूड पडल्यामुळे तो अर्ध्या उंचीवर लटकवला होता, म्हणून मासे वाचले. आता डब्याला काठापासून दोन बोटं खाली एक इंची भोक पाडलंय. कापूस चोंदला तर पाणी त्यातून परत टँकमध्येच पडतं.

कापूस दर आठवड्याला बदलते. स्पंज महिन्यातून एकदा, टँकच्याच बादलीभर पाण्यात दोनदा पिळायचा, बास. ते गढूळ पाणी कढीपत्त्याला. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आहेत.

राहिला आवाज. धार वरून पडायची, तेव्हा पहिल्या रात्री सासूबाई दोनदा उठून मोरीतला नळ बघून आल्या. पाणी खाली सोडणाऱ्या डब्याच्या तळाच्या निपलला (तोटीला) वीतभर पाइप जोडून धार पाण्यात बुडवली, तरी त्या अजून एकदा उठतातच.