पेत्राला येशूने 'मागचं विसर' असं सांगितलंच नाही

बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय आपल्यातल्या बऱ्याच जणांना तोंडपाठ असतो. ३१ डिसेंबरच्या वॉचनाइटला, म्हणजे चर्चमधल्या वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेला तर ते वचन ठरलेलंच, "मागील गोष्टींकडे दुर्लक्ष करून व पुढील गोष्टींकडे लक्ष लावून", आणि मग मेसेज असा की गेल्या वर्षी जे झालं ते विसरा, प्रभू सगळं नवीन करतोय, आमेन म्हणा. सगळे आमेन म्हणतात, मी पण मनापासून म्हणते. पण ज्या बाईचा नवरा त्याच वर्षी गेलाय किंवा ज्याला सख्ख्या भावाने घराबाहेर काढलंय त्याने विसरायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे कोणी सांगत नाही, आणि मग तो माणूस घरी जाऊन रडतो आणि वरून त्याला वाटत राहतं की आपला विश्वासच कमी पडतोय. हे मला फार लागतं म्हणून आज लिहायला बसले.

एक तर पौल कुठल्या मागच्या गोष्टी म्हणतोय ते त्याच अध्यायात वर लिहिलंय. आठव्या दिवशी सुंता झालेला, बन्यामिनाच्या वंशाचा, इब्र्यांचा इब्री, नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या परूशी पंथाचा, ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा. म्हणजे यादीत आधी येतं ते त्याचं घराणं आणि त्याचा मोठेपणा! आमच्या नगरकडे पणजोबा कुठल्या मिशनात होते, कुठल्या मिशनरी साहेबाच्या हाताखाली शिकले हे अभिमानाने सांगणारी घरं खूप आहेत, आमचंही त्यातलंच, पण ते मागे टाका असं वॉचनाइटला कोणी म्हणत नाही. आणि दुसरं म्हणजे पौल स्वतः काही विसरलेला नाही. प्रेषितांच्या कृत्यांत २२ आणि २६ व्या अध्यायात तो भर लोकांत, राजासमोर, आपण काय काय केलं ते सगळं सांगतो आणि तीमथ्याला लिहितो की पाप्यांत मी मुख्य आहे. आठवण त्याच्याजवळ आहेच, फक्त ती त्याला मागे ओढत नाही.

पण मला खरं कळलं ते पेत्रावरून. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात, येशूला धरून नेलं त्या रात्री, मुख्य याजकाच्या वाड्यात थंडी होती म्हणून चाकरांनी कोळशाचा विस्तव केला होता आणि तिथेच शेकत उभा राहून येशूचा शिष्य पेत्र म्हणाला मी त्याचा शिष्य नाही. तीनदा नाकारलं. आता २१ वा अध्याय काढा. रात्रभर जाळं टाकून काही मिळालं नाही, पहाटे किनाऱ्यावर येशू, आणि तिथे परत कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. आधी जेवायला घालतो. मग तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे त्याला दुखलं, आणि ते दुखणार हे प्रभूला माहीत नव्हतं असं मी तरी मानत नाही. झालं गेलं विसर म्हणाला असता तर पेत्र आयुष्यभर कुठलाही विस्तव बघून मान खाली घालत राहिला असता. प्रभूने त्याला त्या जागी परत नेलं आणि तिथेच काम दिलं, माझी मेंढरे चार.

आमच्या घरातलं थोडं सांगते. पप्पा गेल्यावर काही महिन्यांतच घरातल्याच एका जवळच्या नातेवाइकाने मम्मीची हक्कसोडपत्रावर सही घेतली, बँकेचं काम आहे असं सांगून. वडिलोपार्जित घर गेलं. ते नातेवाईक दर रविवारी उपासनेला येतात, मम्मीच्या पुढच्या बाकावर बसतात, प्रभूभोजनही घेतात. लोक मम्मीला म्हणायचे, ताई सोडून द्या, क्षमा करा, साताच्या सत्तर वेळा. ते मत्तय १८ मधलंच वचन, पण त्याच अध्यायात थोडं वर लिहिलंय की भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि एकांतात त्याचा अपराध त्याला दाखव. मम्मी गेली. समोर बसून तुम्ही काय केलं ते एकेक करून सांगितलं, आवाज न चढवता, आणि शेवटी म्हणाली की आता मी तुमच्याकडे काही मागणार नाही, तुमचा हिशोब प्रभूकडे दिला. त्यांनी माफी मागितली नाही. तरी ती त्या रात्री शांत झोपली, मी शेजारीच होते. आजही बाजारात जाताना ती त्या गल्लीतून जात नाही आणि मला त्यात अविश्वास अजिबात दिसत नाही.

याहून फार मोठं उदाहरण सिस्टर राणी मारियांचं. केरळच्या, मध्य प्रदेशात उदयनगर भागात गरीब शेतकरी आणि आदिवासींमध्ये काम करायच्या, ते तिथल्या सावकार-जमीनदारांना नको होतं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला जाणाऱ्या बसवर समंदर सिंगने त्यांना सुऱ्याने भोसकून मारलं. २००२ मध्ये त्यांची सख्खी धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल जेलमध्ये गेली आणि त्याला राखी बांधली. घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले, २००६ मध्ये तो सुटला, पुढे केरळला त्यांच्या घरी गेला तेव्हा आईने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं, कारण त्या हातांना तिच्या लेकीचं रक्त लागलं होतं. हे विसरणाऱ्या बाईचं काम नाही. तिला सगळं आठवत होतं म्हणूनच ती तसं करू शकली! ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरला राणी मारियांना चर्चने धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, समंदर सिंग त्या कार्यक्रमाला हजर होता. शिक्षा त्याने तुरुंगात भोगली होती, क्षमा केली म्हणून गुन्हा झालाच नाही असं त्या घरातलं कोणी म्हणालं नाही.

म्हणून प्रार्थनेला गेल्यावर कोणी रडत असेल तर लगेच यशया ४३ उघडून पूर्वीच्या गोष्टींचं स्मरण करू नका असं वाचून दाखवू नका प्लीज. आधी त्यांचं ऐका, पूर्ण, मध्ये न थांबवता. वचन नंतरही वाचता येतं.

मे महिन्यात आमच्या त्याच नातेवाइकांच्या घरी लग्न आहे, पत्रिका आलीय. मम्मी जाणार म्हणतेय, तिनेच ठरवलंय, मी आणि माझा भाऊ सोबत असू. तेव्हा प्रार्थनेत मम्मीची आठवण ठेवा. आणि त्यांचीही.