पंख्यासमोर कोण उभं होतं

हॅलोविनसाठी उभारलेल्या, तिकीट काढून घाबरायला जायच्या भूतबंगल्याला आवाज देणं म्हणजे भीतिदायक गाणी शोधणं, असं बाहेरच्यांना वाटतं. माझा ऑक्टोबर खरं तर भिंतींशी झगडण्यात जातो. आमच्या खोल्यांना प्लायवूडच्या भिंती आहेत. किंकाळी त्यात थोडीफार अडते, पण सबवूफरचा, म्हणजे खोल आवाजाच्या मोठ्या स्पीकरचा खर्ज दोन-तीन खोल्या ओलांडून जातो. म्हणून खर्ज कोणत्या खोलीला द्यायचा हे सगळ्यात आधी ठरतं. शवागाराला दिला, तर शेजारच्या पाळणाघराला नाही. तिथे फक्त चावीच्या खेळण्याची धून वाजते, तीही जराशी उतरलेली. शेजारशेजारच्या खोल्यांचे लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारे आवाजाचे तुकडे, एकाच लांबीचे ठेवत नाही, नाहीतर ठरावीक वेळाने दोन्हीकडच्या किंकाळ्या एकदम पडतात आणि सगळी जादू जाते.

ते खेळणं सोडलं तर संगीत मी फक्त बाहेरच्या रांगेत वापरते, कारण तिथे लोकांना ऐकायला सवड असते. यंदा सें-साँस या फ्रेंच संगीतकाराची 1874 मधली ‘दांस माकाब्र’ लावली. सुरुवातीला हार्प मध्यरात्रीचे बारा ठोके देतो. मग व्हायोलिन येतं. त्याची सगळ्यात वरची तार मुद्दाम अर्ध्या स्वराने उतरवलेली असते, त्यामुळे ती खालच्या तारेसोबत वाजली की अंगावर काटा येतो. हाडांचा खडखडाट झायलोफोनवर आहे. रचना जुनी म्हणून मोकळी आहे, पण तिच्या नव्या ध्वनिमुद्रणावर हक्क असतो, हे मालकांना दर हंगामात नव्याने समजवावं लागतं.

बाकीच्या खोल्यांमध्ये मात्र धून नको. धून सुरू झाली की माणसाला ठेका सापडतो, आणि ठेका सापडला की तो सावरतो. तिथे मी नळातून ठिबकणारं पाणी, जुन्या फ्रिजची मोटर, माश्या असले आवाज ठेवते. किंकाळ्या थोड्या, पण पारखून घेतलेल्या. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की किंकाळीची तीव्रता सेकंदाला 30 ते 150 वेळा खालीवर होते. हा खरखरीतपणा साध्या बोलण्यात जवळपास नसतो, आणि तोच ऐकणाऱ्याला भिववतो. स्टुडिओत गोड गळ्याने मारलेल्या किंकाळीत तो नसतो. अशा किंकाळ्यांचे संच विकणाऱ्यांनी एकदा तरी अंधारात उभं राहून आपला माल ऐकावा.

मालकांची मागणी एकच असते: मोठा करा. पाहुणा खोलीत मिनिटभर थांबतो, नट तिथे सगळी संध्याकाळ असतो. अमेरिकेतल्या नियॉश या कामगारांच्या आरोग्याची संशोधन संस्थेची शिफारस आहे 85 डेसिबलला जास्तीत जास्त आठ तासांची, आणि दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा. म्हणजे 94 डेसिबलला जेमतेम एक तास. मुखवट्याआड घाम गाळणाऱ्या पोरांचे कान कुणाच्याच हिशेबात नसतात, याचा मला संताप येतो.

एका गोष्टीचा मात्र अभिमान आहे. 1984 च्या मे महिन्यात न्यू जर्सीतल्या एका मनोरंजन उद्यानाच्या भूतमहालाला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुलं गेली. अशा इमारतींचे नियम त्यानंतर कडक झाले. धोक्याचा इशारा वाजला की दिवे लागले पाहिजेत आणि गोंधळात टाकणारे सगळे आवाज थांबले पाहिजेत. आमच्याकडे ते एका झटक्यात थांबतात, कारण एकही आवाज मुख्य यंत्रणेच्या बाहेर नाही. बॅटरीवर बोलणाऱ्या कवट्या कुणी कौतुकाने आणून लपवल्या, तर मी त्या शोधून काढते.

तर, हंगामाच्या ऐन गर्दीतली एक संध्याकाळ. बाहेर पडायच्या दारावरून निरोप आला, एक बाई आवाजवाल्या माणसाला भेटायचं म्हणतायत. हातात पांढरी काठी, सोबत भाचा. त्यांना दिसत नव्हतं.

“तुमच्या घरात दारं छताला असतात का?” त्यांनी विचारलं.

सगळे स्पीकर वर टांगलेले असतात, कारण घाबरलेले लोक हात चालवतात. दार उजवीकडे आणि त्याची करकर डोक्यावर. डोळस पाहुण्याचे डोळे तो आवाज दारापाशी आणून ठेवतात. त्यांच्यासाठी तो वरच राहिला. पुढेही त्यांनी सगळं सांगितलं. तळघराचा घुमारा दगडी, पण पायाखाली लाकूड. शवपेटी उघडण्याआधी हवेच्या झडपेचा फुसकारा, त्यामुळे पुढचं आधीच कळतं. हा फुसकारा लपवायला मी किती मागे लागले आहे!

“पण शेवटच्या बोळात मी खरंच घाबरले,” त्या म्हणाल्या.

त्या बोळात माझा एकही आवाज नव्हता. होता तो टोकाला ठेवलेला पंखा, नटांना हवा मिळावी म्हणून. काळ्या कपड्यातला नट भिंतीला चिकटून उभा असतो आणि लोक जवळ आले की झेपावतो.

“पंख्याच्या समोर कुणीतरी आलं. त्याचा बारीक, वरचा आवाज बोथट झाला. अंग होतं तिथे, पण श्वास नव्हता.”

झेपेआधी आमचा नट श्वास रोखून धरतो. पंख्यासमोर तो हललाही असेल दोन पावलं. 1000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 1000 कंपनांच्या आवाजाची लाट साधारण 34 सेंटीमीटरची, म्हणजे त्याच्या वरचे आवाज माणसाच्या अंगाने अडतात आणि मागे आवाजाची सावली पडते. 100 हर्ट्झची लाट साडेतीन मीटरच्या आसपास, ती वळसा घालून पुढे जाते. हे मी पुस्तकात शिकले होते. त्याने कुणी घाबरू शकतं, हे त्या बाईंकडून कळलं.

नंतरच्या काही संध्याकाळी मी त्या बोळात उभी राहून डोळस पाहुणे पाहिले. नट पंख्यासमोरून सरकला की काहीजण काही दिसण्याआधीच मान वळवत होते. काहींना काहीच जाणवलं नाही. अंधारामुळे की त्या सावलीमुळे, ते मला वेगळं करता येत नाही, आणि तेच डोक्यातून जात नाही. नटाची तक्रार वेगळी: “लोक आधीच वळतात, माझी झेप फुकट जाते.” त्याचं बरोबर आहे. भीती लवकर आली तर दचकणं मरतं, आणि तिकिटं दचकण्यावर विकली जातात. पण त्या बाई झेपेने दचकल्याच नव्हत्या. त्यांना आठवत होता तो त्याआधीचा क्षण.

पुढच्या हंगामासाठी मी त्या बोळात गुडघ्याच्या उंचीवर, जाळीआड एक स्पीकर मागितला आहे. नटाने त्याच्यासमोरून दोनदा जायचं, पहिल्यांदा झेप न घेता. मालकांनी विचारलं, त्यातून वाजणार काय. पंख्याचा आवाज, मी सांगितलं. मंजुरी अजून आलेली नाही, पण नट तयार आहे.